अंबाजी आबांची कावीळ

माझे चुलते अंबाजी आबा कावीळ उतरवायचे आणि मी कान्हे फाट्यावर रक्त तपासते. एकाच घरातली ही दोन दुकानं. फरक एवढाच, की माझ्याकडे पैसे मोजून रिपोर्ट मिळतो आणि त्यांच्याकडे चहासुद्धा घ्यायचा नाही असा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. दर रविवारी सकाळी टाकव्यात आमच्या ओट्यावर पिवळ्या डोळ्यांची माणसं उपाशीपोटी येऊन बसायची. नवलाख उंबऱ्याच्या कंपन्यांतले कामगार, लोणावळ्याच्या बंगल्यांवरचे माळी, कामशेतचे दुकानदार. एकदा तर पुण्याहून स्वतःच्या मोटारीतून एक वकीलसाहेब आले होते. त्यांचं रक्त मी आदल्याच दिवशी तपासलं होतं, म्हणजे गिऱ्हाईक माझंच आणि पुण्य आबांना.

आबा उंबऱ्याशी पूर्वेकडे तोंड करून बसायचे. कुठल्याशा रानवेलीच्या बोटभर लांबीच्या ओल्या काड्या दोऱ्यात ओवून केलेली एक बारकी माळ, टाळूवर जेमतेम बसेल एवढी, समोरच्याच्या डोक्यावर ठेवायचे. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. मग तेल नाही, हळद नाही, तळलेलं नाही, असं पथ्य सांगायचे. वेलीचं नाव कुणाला सांगायचं नाही हाही नियम, त्यामुळे ते मला आजही माहीत नाही. ती माळ दिवसागणिक वाढत जायची. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. माळ खाली आली म्हणजे कावीळ खाली आली. पूर्ण उतरली की नारळासोबत वाहत्या पाण्यात सोडायची आणि मग त्या दुखण्याचं नावही काढायचं नाही. उतरलेलं अंगाला ठेवलं तर परत चढतं, असं आबा सांगायचे.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, शिकून आले तेव्हा अंगात नवं वारं होतं. आबांची एक माळ मी गुपचूप उचलली आणि लॅबमधल्या कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली. काड्या वाळल्या, बारीक झाल्या, दोऱ्याच्या गाठी सैल पडल्या आणि आठवडाभरात माळ खिळ्यावरून वीतभर खाली आली. ती तशीच घेऊन मी आबांपुढे नाचवली.

"बघा, खिळ्यावर पण वाढते!"

आबांनी माळ हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि गंभीरपणे म्हणाले, "तुज्या खिळ्याला असंल कावीळ."

ओट्यावरची सगळी माणसं हसली. मला इतका राग आला, की त्या दिवशी मी जेवायलाही थांबले नाही. पण खरं सांगायचं तर आबांवर फार वेळ रागावता यायचं नाही. ते लबाड नव्हते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची विश्रांती घेतली की आपोआप बरी होते, हे मला पुस्तकातून कळलं होतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की माळ घातली आणि माणूस बरा झाला. आयुष्यभर शेकडो वेळा एखादी गोष्ट डोळ्यांनी बघितल्यावर पुतणीनं खिळ्याला टांगलेली माळ कोण मानणार?

या माणसाच्या तब्येतीकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं. चार-पाच वर्षांपासून आबांच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना सूज होती, दोन्ही गालांत सुपाऱ्या धरल्यासारखी. पापण्या जड झाल्या होत्या. तोंडाला सारखी कोरड पडायची आणि हातात कायम पाण्याचा तांब्या असायचा. पण दुखत काहीच नव्हतं. गावाकडे जे दुखत नाही ते दुखणं नसतं. लोक उलट थट्टा करायचे, "आबा, म्हातारपणी गाल वर आलं, काकी लोणी चारत्यात वाटतं!" आबाही मिशीत हसायचे. दाताच्या डॉक्टरांनी एकदा दाढेचं असेल म्हणून दाढ काढली. डोळ्यांच्या शिबिरात ॲलर्जीचे थेंब मिळाले. ज्यानं त्यानं आपापल्या वाटणीचं बघितलं.

मग दोन वर्षांपूर्वी, भातं निसवायच्या दिवसांत, आबांचं सगळ्यांशी बोलणं कमी झालं. रविवारी ओट्यावर बसायचे, पण सावलीत आणि टोपी पार भुवयांपर्यंत ओढून. मी एका दुपारी काकींना भेटायला गेले तर आबा गोठ्यामागे उभे राहून पाठ खांबाला घासत होते. मी हाक मारली. ते वळले आणि उन्हात मला त्यांचे डोळे दिसले. माझ्याकडे येणाऱ्या कुठल्याच पेशंटचे डोळे मी इतके पिवळे बघितले नव्हते.

"आबा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

मी त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी काढली. ते ओरडले, पण तोवर मला दिसलं होतं. आत माळ होती, पार बेंबीपर्यंत आलेली. देणाऱ्यानं स्वतःला माळ घालायची नाही असा नियम होता, म्हणून त्यांनी शालूकाकींना मंत्र शिकवून त्यांच्या हातून घालून घेतली होती. एक पूर्ण उतरून नदीत सोडली होती, ही दुसरी.

"उतारलीय ती," आबा म्हणाले. "बेंबीपातूर आलीया बग."

"माळ उतरलीय आबा. कावीळ कुठं उतरलीय? आरशात बघा की!"

"आरसा मी काडून ठेवलाय," मागून शालूकाकी म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला होता. "तेच म्हणलं, नको बगाया."

तेव्हा मला कळलं, की आबा आजाराला घाबरले नव्हते. ते रविवारला घाबरले होते. कावीळ उतरवणाऱ्यालाच कावीळ झाली आणि ती त्याच्याच माळेनं उतरेना, हे गावाला कळलं तर उद्या ओट्यावर कोण येणार? त्यांच्या वडिलांचं नाव, घराचं नाव, सगळं त्या दोऱ्याला बांधलेलं होतं. मला त्यांची दया आली आणि तेवढाच संतापही. मी पिशवीतून सुई काढली आणि म्हणाले, "रक्त दिलं नाहीत तर फाट्यावर बोंब मारीन." त्यांनी मुकाट हात पुढे केला.

बिलिरुबिन, म्हणजे कावीळ मोजायचा आकडा, एकाच्या आसपास असायला हवं, ते चौदाच्या वर होतं. नेहमीच्या काविळीत वाढतात ते आकडे फार वाढलेले नव्हते. पित्ताची वाट अडली की जे वाढतात ते मात्र आभाळाला टेकलेले. मी संदेशला फोन केला. संदेश आबांचा मुलगा, नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तो शिफ्ट अर्धी टाकून आला आणि आबांना पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला.

स्कॅनमध्ये स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग सुजलेला निघाला. त्या सुजेनं पित्ताची नळी दाबली होती. सर्जननी संदेशला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की या वयात, वजन उतरलेलं, पोटात दुखत नाही आणि कावीळ एवढी, म्हणजे कॅन्सरची शक्यता मोठी आहे. ऑपरेशन करावं लागेल आणि ते फार मोठं असतं. तोवर पित्ताला वाट म्हणून आत एक बारीक नळी घालू. त्यांचं काही चुकलं नव्हतं. समोर जे दिसत होतं त्याला बहुतेक वेळा हेच नाव असतं. संदेश भिंतीला टेकून खाली बसला. काकींना आम्ही सांगितलं नाही, पण त्यांना कळलंच. त्यांनी जेवण सोडलं.

ऑपरेशनच्या आधी सगळ्या विभागांचे डॉक्टर येऊन तपासून जातात. त्यांत डॉक्टर अनघा आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. संधिवात आणि प्रतिकारशक्तीचे आजार बघणाऱ्या. आबांचे गुडघे आखडतात असं कागदावर लिहिलं होतं, म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्या आल्या त्या गुडघ्यांकडे बघायच्या सोडून आबांच्या तोंडाकडेच बघत राहिल्या. मग दोन्ही हातांनी त्यांनी आबांच्या जबड्याखाली चाचपलं.

"हे कधीपासून आहे?"

"ते जल्माचं हाय," आबा म्हणाले.

"काय जल्माचं?" शालूकाकी ताडकन म्हणाल्या. "संदेशच्या लग्नात न्हवतं. मंग आलं. आदी गाल आलं, मंग डोळं जड झालं, आन् आता ह्ये."

आबांचे गाल, डोळे आणि पोट एकाच वाक्यात बसवणारी तोपर्यंत काकी ही पहिलीच व्यक्ती होती. त्यांनी मुद्दाम नाही बसवलं, त्यांना फक्त नवऱ्याचं खोटं बोलणं सहन झालं नाही. डॉक्टर अनघांनी मात्र ते वाक्य पकडलं. त्यांनी सर्जनशी बोलून ऑपरेशन थोडं पुढे ढकललं. रक्ताची एक वेगळी तपासणी पाठवली आणि जबड्याखालच्या गाठीचा छोटा तुकडा काढून घेतला. सर्जनही म्हणाले, थांबू या, खात्री करून घेऊ.

ते दिवस कसे गेले ते मी सांगत बसत नाही. रिपोर्ट आला तो कॅन्सरचा नव्हता. आयजीजी-फोरशी संबंधित आजार, असं त्याचं नाव. मी रोज रक्ताशी खेळणारी बाई, पण मीही हे नाव फक्त परीक्षेपुरतं वाचलं होतं. शरीरात रोगजंतूंशी लढायला जी यंत्रणा असते तीच बिघडते आणि आपल्याच अवयवांत जाऊन ठाण मांडते. जिथे जाते तिथे सूज येते आणि सूज जुनी झाली की तो भाग हळूहळू निबर होतो. लाळेच्या गाठी, डोळ्यांच्या ग्रंथी, स्वादुपिंड, पित्ताची नळी, मूत्रपिंड, कुठेही. म्हणून पेशंट कधी दाताच्या डॉक्टरकडे जातो, कधी डोळ्यांच्या आणि सगळीकडे वेगळं नाव घेऊन परत येतो.

डॉक्टर अनघांनी आबांच्या पलंगावर बसून त्यांना हे सांगितलं. "आबा, गावात रात्री राखण करणारी माणसं असतात ना, समजा त्यांनी घरच्याच लोकांना चोर समजून धरायला सुरुवात केली."

आबांनी बराच विचार केला. "म्हंजी माजंच अंग माज्या मुळावर आलंय?"

"तसंच काहीसं. त्यांना शांत करायची गोळी देणार आहे. स्टिरॉइड. ती रोज घ्यायची. मी सांगेन तशीच कमी करायची. मनानं बंद करायची नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आबांनीही ऐकलं, मान डोलावली आणि त्यांच्या डोक्यात ते त्यांच्या पद्धतीनं बसलं.

गोळ्यांनी जादू केली म्हटलं तर चालेल. तीन आठवड्यांत डोळे पांढरे झाले. गाल ओसरले आणि इतक्या वर्षांनी आबांचा जुना, निमुळता चेहरा दिसला. तो काही दिवसच टिकला, कारण मग गोळ्यांनी चेहरा गोल होऊ लागला. भूक अशी लागली, की काकी भाकरी थापून थकायच्या. साखर वाढली, झोप उडाली, स्वभाव तापट झाला. पण माणूस वाचला होता आणि पोट फाडावं लागलं नव्हतं. काकींनी आरसा परत भिंतीला लावला.

गावानं याचा हिशेब वेगळाच मांडला. आबा दवाखान्यात गेले होते ते गुडघ्यांसाठी आणि कावीळ उतरली ती माळेनं. ही बातमी कुणी पसरवली ते मला माहीत आहे, पण काकींचं नाव मी घेणार नाही. रविवारी ओटा पुन्हा भरला, आधीपेक्षा जास्त. आबांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण खोडूनही काढलं नाही. मी त्यांना त्यावरून टोचलं तेव्हा ते म्हणाले, "पोरी, उतारली न्हवं? मंग कशानं का उतारंना."

आणि मग त्यांनी ते केलं, जे आमच्या आबांशिवाय जगात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. कावीळ उतरली होती. उतरलेलं अंगाला ठेवायचं नसतं. एका सकाळी अंघोळ करून, नारळ घेऊन ते इंद्रायणीच्या पुलाखाली गेले आणि राहिलेल्या सगळ्या गोळ्या, पाकिटांतून एकेक सोलून, वाहत्या पाण्यात सोडून आले. हात जोडले. मागे वळून न बघता घरी आले. काकींना त्यांनी सांगितलं आणि काकींना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांच्या दृष्टीनं नवऱ्यानं औषधाचा मान राखला होता.

आठवड्याभरात आबा मलूल झाले. अन्न नको, उलट्या, उभं राहिलं की अंधारी. सकाळी गोठ्यात गेले ते तिथेच कोसळले. संदेशनं उचलून गाडीत घातलं आणि मला फाट्यावरून घेतलं. गाडीत मी रक्तदाब मोजला, तो जेमतेम लागत होता. मी विचारलं, "काकी, गोळ्या चालू आहेत ना?" काकींनी इंद्रायणीची हकिगत सांगितली. मला हसावं, रडावं की गाडीतून उडी मारावी ते कळेना.

हॉस्पिटलात त्यांना शिरेतून स्टिरॉइड दिलं आणि ते दोन दिवसांत शुद्धीवर आले. बाहेरून गोळी मिळते म्हटल्यावर शरीर स्वतःचं तसलं रसायन बनवायचं थांबवतं. गोळी एकदम बंद झाली की माणूस असा कोसळतो, वेळेवर पोचला नाही तर जातोही. पण एवढ्यावर भागलं नव्हतं. दबलेला आजार पुन्हा उठला होता. डोळ्यांत पिवळी झाक आली होती आणि या खेपेला मूत्रपिंडांवरही सूज होती.

आबा बोलायला लागल्याबरोबर मी त्यांच्यावर तुटून पडले. "नदीत सोडल्या? कशासाठी? माशांची कावीळ उतरवायची होती?" वॉर्डातली माणसं बघायला लागली. आबांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर अनघा मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "आबा, मला ती माळ सांगा. पहिल्यापासून."

आबांनी सांगितली. काड्या, दोरा, पथ्य, नारळ, वाहतं पाणी, सगळं. त्यांच्या वेलीच्या नावावर ते थांबले आणि डॉक्टरांनीही ते विचारलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही नियम पाळलात. पण तो नियम जाणाऱ्या आजाराचा आहे. हा जात नाही. हा दबतो. गोळीनं त्याला दाबून ठेवायचं, हळूहळू गोळी कमी करायची आणि सोबत आता सहा-सहा महिन्यांनी सलाईनमधून एक औषध द्यायचं. पुढची काही वर्षं तरी. कदाचित कायमच."

"म्हंजी उतारायचं न्हाई ह्ये?"

"नाही, आबा."

ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना 'उतरली' असं सांगितलं, त्याला हे ऐकायला किती जड गेलं असेल ते मी त्याच्या तोंडावर बघितलं. माझा सगळा राग तिथेच विरला. आबांनी विचारलं, "मी पथ्य पाळलं हुतं. तेल शिवलो न्हाई. मंग का आली?"

"तुमच्या खाण्यानं आली नव्हती. गोळ्या सोडल्या ते चुकलं, पण आजार तुमच्या कुठल्या चुकीनं झाला नाही."

"आन् ज्यांची उतारतच न्हाई... ती पथ्य मोडल्यानं न्हाई?"

"आबा, आतली नळीच बंद असेल तर पथ्यानं ती उघडत नाही. आणि भजी खाल्ल्यानं ती बंदही होत नाही."

डॉक्टरांनी सहज म्हणून भजी हा शब्द काढला. आबा त्यांच्याकडे असे बघत राहिले, की त्यांनी आबांच्या नाडीवर हात ठेवला.

घरी आल्यावर आबा बदलले. गोळी बरोबर वेळेला, काकींनी हाक मारायच्या आत. साखरेसाठी गुळाचा चहा बंद. मास्क लावून डेअरीवर जायचे, कारण औषधांनी प्रतिकारशक्ती कमी झाली होती. पोरं त्यांना हसायची, तर त्यांच्यावर काठी उगारायचे. आणि रविवारी माणसं आली की ओट्यावर उभे राहून सांगायचे, "माळ बंद केली. फाट्यावर पोरीकडं रगत द्या, मंग डाक्टरकडं जावा." लोक चिडायचे. कुणी म्हणायचं म्हातारा शेफारला, कुणी म्हणायचं पुतणीचा धंदा वाढवतोय. धंदा वाढला हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. "तुमच्या काविळीचं काय मग?" असं एकानं विचारलं तेव्हा आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "माजी माळंनं उतारली न्हाई. अजून बी उतारली न्हाई." काकी घरात तोंड फुगवून बसल्या. हळूहळू ओटा रिकामा झाला. रविवारची सकाळ आबांना खायला उठायची. ते मला स्पष्ट म्हणाले होते, "करमत न्हाई गं. कुणी येत न्हाई."

सहा महिन्यांनी सलाईनच्या औषधासाठी त्यांना पुण्याला नेलं. दिवसभराचं काम असतं ते. मूत्रपिंडांचे आकडे खाली आले होते, डॉक्टर अनघा खूश होत्या. परतीला संदेश गाडी चालवत होता. वडगाव जवळ आल्यावर आबा एकदम म्हणाले, "संदेश, नवलाख उंबऱ्याला घे."

"आत्ता? तिकडं काय?"

"भिमाजीच्या घरी."

संदेशनं आरशातून माझ्याकडे बघितलं. भिमाजीची गोष्ट आम्हाला दोघांनाही माहीत होती, फक्त ती कधी कुणी मोठ्यानं बोलत नसे. मी शाळेत असतानाची. भिमाजी आबांचा दोस्त, बैलगाड्यांच्या शर्यतीतला जोडीदार. त्याला कावीळ झाली. आबांनी माळ दिली, ती उतरली, दुसरी दिली, तीही उतरली. भिमाजी पिवळाच राहिला, खंगत गेला आणि अंग खाजवून खाजवून मेला. शेवटच्या आठवड्यात त्यानं बायकोकडे भजी मागितली होती आणि चिमाबाईंनी ती तळली होती, हे शेजारणीनं बघितलं होतं. दहाव्याला कुणीतरी आबांना विचारलं, तुमची माळ कशी हो हटली? आबा म्हणाले, "पथ्य मोडलं असंल." एवढंच. पण ते आबा होते. चिमाबाईंच्या सासूनं त्या दिवसापासून मरेपर्यंत सुनेला एकच सांगितलं, माझ्या पोराला तू भज्यांनी मारलंस. दीर-जावांनी संबंध तोडले. चिमाबाईंनी कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासून पोरगी मोठी केली आणि लग्न करून दिली.

आम्ही पोचलो तेव्हा चिमाबाई दारात सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. आबांचा गोल झालेला चेहरा, तोंडावर मास्क. त्यांनी आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर उठल्या नाहीत. आबा चपला काढून समोर जमिनीवर बसले. मी "आबा, गुडघे," म्हणाले, तर त्यांनी हातानंच गप्प केलं.

"चिमाबाई, मला बी तीच झालती. भिमाजीवानी. माज्या दोन माळा उतारल्या आन् कावीळ तशीच. आतली नळी बंद हुती. त्याची बी तशीच बंद झाली असंल. मोटा डाक्टर बगाया पायजे हुता. मी माळा देत बसलो." त्यांना दम लागला. मास्क खाली केला. "भज्यांनी काय झालं न्हाई. तुजं काय चुकलं न्हवतं. म्या चुकीचं बोललो दहाव्याला."

चिमाबाईंचं सूप थांबलं होतं. त्या रडतील असं मला वाटलं. त्यांचे डोळे कोरडे होते.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्यांनी भजं खाल्लंच न्हवतं."

आबांनी मान वर केली.

"लय वास सुटलाय म्हणले. एक हातात घेतलं. नाकाशी धरलं. मंग म्हणले, अंबाजीनं नको सांगितलंय. आन् तसंच परत ताटलीत ठिवलं. समदी भजी मी गाईला घातली." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "मी सांगत हुते सगळ्यांना. मला कुणी इचारलंच न्हाई, खाल्लं का म्हणून. तळली एवढंच बगितलं."

संदेश अंगणात पाठ करून उभा होता. आबांचे डोळे भरून आले. औषधांनी ते हल्ली लवकर रडायचे, पण हे औषधांचं नव्हतं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, मांडी नीट घातली आणि म्हणाले, "मी इचारतो आता. समदं सांग. पहिल्या दिसापास्नं."

चिमाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.